एस. गणेश, पांडेसरा, १९९६

नवी वही उघडली की पहिल्या पानावर श्री. आमच्याकडे किराण्याच्या यादीवरसुद्धा. पांडेसऱ्याच्या कापड रंगाई मिलमध्ये वडील फळ्यावर पाळीवरच्या कामगारांची नावं लिहायचे, तेही आधी श्री काढून. मग मी कॉम्प्युटरवर नवी फाईल उघडल्यावर काय करणार?

वंदनाताई कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. रंगाईच्या सांडपाण्यावर त्यांची पीएच.डी., सात वर्षं रखडलेली. प्रबंध छापायचं काम पर्वत पाटिया भागातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात आलं. मी नुकताच लॅटेक हे छपाईचं सॉफ्टवेअर शिकलो होतो. त्यात संदर्भांची वेगळी फाईल असते. लेखक, शीर्षक, गाव, साल एकदा भरलं की यादी आपोआप होते. रकाना रिकामा सोडला की सॉफ्टवेअर कुरकुरतं, म्हणून पहिली नोंद मी पूर्ण भरली. लेखक श्री गणेश, गाव पांडेसरा, साल १९९६. प्रबंध इंग्रजीत, त्यामुळे शीर्षकही इंग्रजीत, अर्थ 'अडथळ्यांचं निवारण'.

प्रबंधात ज्याचा उल्लेख असेल तेवढंच यादीत छापलं जातं, म्हणून मी बिनधास्त. पण शेवटच्या दिवशी ताई म्हणाल्या, "भूपेंद्र, यादी बारकी दिसते रे. फाईलमधलं सगळं येऊ दे!"

त्यासाठी एक कमांड आहे. मी ती दिली. बाइंडिंगही झालं.

तोंडी परीक्षेला जादा प्रती घेऊन मी मागच्या बाकावर बसलो होतो. नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी यादी उघडली. देसाई आणि गांगुलींच्या मधोमध बोट थांबलं.

"हे एस. गणेश."

सॉफ्टवेअरनं श्रीचा एस केला होता. गेली ताईंची सात वर्षं गटारात, आणि ढकलणारा मी.

"वाचलंय ना?"

"हो सर," ताई म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा."

"मद्रासच्या परिषदेत भेटलोय मी यांना. ठेंगणे, पोट जरा पुढे. खाण्याचे भारी शौकीन."

ताईंचे गाईड मान डोलावत म्हणाले, "फार मोठा माणूस!"

मला ठसका लागला.

"यांच्या लेखाची प्रत आठ दिवसांत पाठवा," परीक्षक म्हणाले. "मग सही करतो."

दोन दिवस देवघराकडे पाठ करून जेवत होतो. तिसऱ्या दिवशी ताईंच्या घरी जाऊन सगळं ओकलो.

"बाप्पा?" ताईंनी यादीचं पान उघडलं. "मेल्या, मी बाप्पाला वाचलं म्हणून सांगितलं?"

"चूक माझी आहे ताई. तसं लिहून देतो."

"तू काय लिहिणार! खोटं मी बोलले." त्यांनी परीक्षकांना खरं काय ते लिहिलं. असा कुणी लेखक नाही, नाव काढून प्रबंध पुन्हा देते. रजिस्टर पोस्ट मीच केलं. ताईंची पदवी माझ्याच हातानं पोस्टाच्या खिडकीत परत दिल्यासारखं वाटलं.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. ताईंनी दुकानात येऊन उभ्या उभ्या पुन्हा वाचलं आणि कागद माझ्यापुढे धरला.

'श्री. गणेश यांचा लेख माझ्याच कपाटात सापडला. प्रत पाठवू नये. सही केली आहे. यादीत कोणताही बदल करू नये.'

ताईंनी कागद परत घेऊन घडी केली. मग पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला.

"घे. आणि माझ्या पुढच्या लेखासाठी संदर्भांची नवी फाईल उघड."

पेढा तोंडात टाकला. मी फाईल उघडली. पहिल्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता. माझं बोट श्री काढायला एसच्या बटणाकडे गेलं.

"भूपेंद्र," ताई म्हणाल्या, "हात खाली."