जुना द्या, नवा घ्या

सरकारी कागदावर त्या टेबलाचं नाव लांबलचक होतं, पण अख्ख्या इमारतीत त्याला चाळणी म्हणत, आणि टेबलामागे बसणाऱ्या माणसालाही चाळणीच म्हणत. सीमेपलीकडे जाणारी दवाखान्यांची आणि प्रयोगशाळांची प्रत्येक वस्तू त्याच्या नजरेखालून जायची. यातून पलीकडच्यांच्या बॉम्बला हातभार लागेल का, एवढंच त्याने सांगायचं. लागत नसेल तर वस्तू सुटली, लागत असेल तर अडकली. इंजिनिअर होऊन माणूस शेवटी पीठ चाळायला लागला, असं त्याची बायको म्हणायची. ती शाळेत गणित शिकवायची, आणि घरात उत्तराखालची रेघ नेहमी तीच ओढायची.

पलीकडच्यांकडे बॉम्ब होता, यात आता शंका उरली नव्हती. डोंगराच्या पोटात त्यांनी तो फोडून दाखवला तेव्हा अलीकडच्या शहरांत कपाटातल्या कपबश्या वाजल्या होत्या. तेव्हापासून काय करायला हवं हे ज्याला माहीत नाही असा माणूस शोधून सापडत नव्हता. चाळणीचा मेहुणा दर रविवारी यायचा, सोफ्यावर मांडी ठोकायचा आणि चहा येईपर्यंत दोनदा लढाई जिंकायचा.

"एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावून टाका," तो म्हणायचा. "त्यांच्या कारखान्यावर विमानं पाठवा. विषय संपला."

"आणि नंतर कपबश्या कोण आवरणार? तू?" बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

सरकारला लढाई नको होती आणि गप्पही बसवत नव्हतं, म्हणून नाकेबंदी झाली. आता नाकेबंदी हा शब्द भाषणात भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात ती दुसऱ्या मजल्यावरची एक खोली होती. खोलीत दोन टेबलं होती आणि पंखा कुरकुरत होता.

दुसऱ्या टेबलावर कर्नल बसायचे. फौजेतून निवृत्त झालेले, पण निवृत्ती अंगाला लागली नव्हती. इंधन, वीज, यंत्रांचे सुटे भाग हे त्यांचं खातं. ते आधी 'नाही' लिहायचे आणि मग वस्तू कोणती ते वाचायचे. चाळणीने 'हो' म्हटलेल्या वस्तूवरही त्यांची सही लागायची. त्यांचा धाकटा भाऊ मागच्या लढाईत सीमेवर मारला गेला होता. त्याबद्दल ते कधी बोलत नसत, आणि दुसऱ्या कुणाची विचारायची छाती नव्हती.

पलीकडच्या एका शहरातल्या इस्पितळाने मुतखडे फोडायच्या मशीनसाठी स्विच मागितले, तेव्हा चाळणीला फार विचार करावा लागला नाही. स्विच म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू. पांढऱ्या चिनी मातीची नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या. आत ठिणगी उडते, तिचा धक्का पाण्यातून पोटात जातो आणि खडा फुटतो. ही ठिणगी अगदी ठरल्या क्षणी पडते, आणि बॉम्ब पेटवणाऱ्यालाही नेमकं तेच हवं असतं. चाळणीने अर्ज नाकारला. कर्नलांनी मान डोलावली. त्या रात्री त्याला झोपही छान लागली.

महिन्याभराने त्याच्या स्वतःच्या पोटात दुखलं. दुखलं म्हणजे काय, विचारू नका. भरल्या ऑफिसात दोन टेबलांच्या मधे हा पन्नाशीचा माणूस गडाबडा लोळला. कर्नलांनीच त्याला उचलून गाडीत घातलं.

"गोळी लागलेली माणसं एवढी बोंबलत नाहीत रे," ते म्हणाले, आणि दोन लाल सिग्नल तोडून त्यांनी गाडी इस्पितळात नेली.

पाण्याच्या उशीवर पाठ टेकवून तो मशीनवर पडला आणि कमरेखालून आवाज यायला लागला. टक्. टक्. टक्. प्रत्येक टक् बरोबर कुणीतरी बरगडीखाली टिचकी मारत होतं. टिचकी कशाची, हे त्या खोलीत फक्त त्यालाच माहीत होतं. ज्या वस्तूला त्याने महिन्यापूर्वी बॉम्बची वस्तू म्हणून अडवलं होतं, ती आता त्याच्या पाठीखाली बसून त्याचं दुखणं कमी करत होती. त्याला लाज वाटली. मग लाजेचा राग आला, कारण तो अर्ज नाकारण्यात चूक काय होती? काहीच नव्हती. स्विच बॉम्बलाही चालत होता, हे खरंच होतं.

मशीन चालवणाऱ्या बाईला त्याने विचारलं, "हा आतला स्विच झिजला की काय करता?"

"काय करणार, फेकतो. आतून काळा पडतो, टोप्या खाल्ल्या जातात. कुणाच्याच कामाचा राहत नाही." ती हसली. "हलू नका हो. खडा नेमातून सुटेल."

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. पाण्याचा जग त्याच्यासमोर आदळत ती म्हणाली, "मुतखड्याला कुठे माहीत असतं आपण कुठल्या देशाच्या पोटात आहोत ते! तुम्हाला भीती कशाची आहे? स्विच गेल्याची, की कुठे गेला ते न कळल्याची?"

"न कळल्याची."

"मग कळेल असं काहीतरी करा. आणि हा जग संपवा."

सोमवारी त्याने कर्नलांसमोर बेत मांडला. जुना द्या, नवा घ्या. जेवढे झिजलेले स्विच परत येतील तेवढेच नवे जातील. प्रत्येक नव्या स्विचच्या टोपीखाली तो स्वतः सुईने ओरखडा काढणार, दर वेळी वेगळा, आणि त्याचा फोटो ठेवणार. झिजून परत आला की टोपी उघडून ओरखडा जुळवून बघणार. ओरखडा तोच आणि आतून काळा, म्हणजे तो ठिणग्या टाकून टाकून माणसांच्या पोटावरच संपला.

"आणि एखादा ठेवून घेतला तर?" कर्नल म्हणाले.

"एकाने काही होत नाही. त्यांना पुष्कळ लागतील."

"पुष्कळ म्हणजे तरी काय रे? एकेक करूनच ना? आपण त्यांना आजवर जे जे दिलं, ते ते आपल्यावरच उलटलंय. मी बघितलंय."

"बंद केलं तर ते चोरट्या बाजारातून घेतील. मग किती घेतले तेही कळायचं नाही. टेबलावर बसलो तर निदान मोजता येतील."

कर्नलांनी बेताचा कागद ओढून घेतला आणि दोनदा वाचला. मग त्यांनी सही केली. "एक जरी कमी आला तर हे बंद. कायमचं. आणि तुझी खुर्चीही गेली समज."

पहिली अदलाबदल सुरळीत झाली. सीमेवर जकातीचं जुनं गोदाम होतं. आत एक टेबल, टेबलाच्या मधोमध पिवळी पट्टी; पट्टीच्या अलीकडे हे, पलीकडे ते. दोन्हीकडची भाषा एकच, शिव्या तेवढ्या वेगळ्या. पलीकडून इस्पितळाची डॉक्टरीण आली. चाळिशीची, थकलेली, केस घाईत बांधलेले. इस्पितळात साठलेले जुने, काळे स्विच तिने पट्टीवरून सरकवले, त्याने ओरखडे काढलेले नवे सरकवले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. निघताना मात्र तिने विचारलं, "तुम्ही डाव्या कुशीला हात का धरताय?"

"खडा झाला होता."

"पाणी पीत जा," ती म्हणाली आणि गेली.

मग पलीकडच्यांनी दुसरा बॉम्ब फोडून दाखवला. या वेळी कपबश्या नुसत्या वाजल्या नाहीत, काही फुटल्या. मेहुणा तर रविवारची वाटही न बघता आला. मंत्र्यांच्या कचेरीतून निरोप आला की ही अदलाबदल ताबडतोब थांबवायची. चाळणीला वर बोलावणं आलं.

"तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे?" मंत्र्यांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग जाता कशाला?"

"विश्वास नाही म्हणूनच जातो. विश्वास असता तर टपालाने पाठवले असते."

मंत्री हसले नाहीत, पण त्यांनी फाइल मिटली. यापुढची अदलाबदल होऊ द्यायची, सोबत कर्नल जातील, आणि चालू ठेवायचं की नाही ते तेच ठरवतील, असं फर्मान निघालं. एक स्विच कमी निघाला की पलीकडचं मशीन बंद, त्याची खुर्ची बंद आणि मेहुण्याचं तोंड उघडं. कर्नल तर डोळ्यांत तेल घालून त्याच एका स्विचची वाट बघणार होते.

सीमेकडचा रस्ता कर्नलांच्या ओळखीचा असावा. एका वळणावर त्यांनी काच खाली केली, बाहेरच्या माळाकडे पाहिलं आणि काच पुन्हा वर केली. चाळणी आपला समोर बघत राहिला.

डॉक्टरीण आधीच येऊन बसली होती. परत आणलेल्या स्विचची पेटी पट्टीपलीकडे होती. कर्नलांनी ती स्वतः ओढून घेतली. एकेक टोपी उघडायची, भिंगातून ओरखडा बघायचा, चाळणीकडे द्यायचा, त्याने फोटोशी जुळवायचा. काळा, जुळला. काळा, जुळला. गोदामात टोप्या फिरवल्याचाच आवाज येत होता. मग कर्नलांचा हात थांबला.

त्यांच्या बोटांत होता तो स्विच पांढराशुभ्र होता. टोप्या लखलखीत. आत ठिणगीचा डाग नाही. ओरखडा मात्र चाळणीचाच.

"हा वापरलेला नाही," कर्नल म्हणाले.

"नाही," डॉक्टरीण म्हणाली.

"मग परत का आणलात?"

"वापरता आला नाही म्हणून. तुमच्या माणसाने सांगितलं होतं, दिलेला प्रत्येक परत दाखवायचा."

कर्नलांनी तो टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा भिंग लावलं. कमी आला तर काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. न वापरलेला परत आला तर काय करायचं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

"वापरता का आला नाही?" त्यांनी जरा वरच्या आवाजात विचारलं.

"वीज नव्हती. जनरेटर बंद पडला, त्याचा इंधनाचा पंप तुमच्याकडून यायचा होता. अर्ज केला होता, नाही म्हणून आलं." तिने हे रागाने सांगितलं नाही, कंटाळून सांगितलं. "खिडकीच्या उजेडात पोटं फाडून खडे काढले आम्ही. तीन पेशंट. दोघं उठून घरी गेले."

जनरेटरच्या पंपाचा अर्ज कुणाच्या टेबलावर आला होता, हे चाळणीला माहीत होतं. त्याने कर्नलांकडे बघायचं टाळलं.

कर्नलांनी विचारलं, "तिसरा?"

"तरुण होता. माझ्याच वॉर्डातला मदतनीस." तिने स्विचकडे बोट केलं. "तुमच्या हातातला स्विच त्याच्यासाठी काढून ठेवला होता. म्हणून तो तेवढा कोरा राहिला."

कर्नलांनी हातातल्या स्विचची टोपी बसवली. फिरवता फिरवता ती दोनदा सुटली. मग त्यांनी तो पिवळ्या पट्टीवर ठेवला, ना अलीकडे ना पलीकडे, आणि चाळणीला म्हणाले, "काळ्यांच्या बदल्यात नवे दे त्यांना. मोजून."

परतीच्या वाटेवर त्याच वळणावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले मात्र नाहीत.

"हा डाव असेल," ते म्हणाले. "एक कोरा परत करायचा, आपण पाघळायचं, आणि मग दहा गायब करायचे."

"असेल," चाळणी म्हणाला. खोटा दिलासा द्यायचं त्याच्या जिवावर आलं. ती बाई खरं बोलली असं त्याला मनापासून वाटत होतं, पण तिच्यामागे बसलेल्यांची खात्री तो कुठल्या तोंडाने देणार?

"नसेलही," कर्नल म्हणाले. एवढ्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून चाळणीने पहिल्यांदाच ऐकला. "माझ्या जखमी भावाला इथून न्यायला गाडी होती, पण इंधन नव्हतं. हे तुला कुणी सांगितलं नसेल." मग त्यांनी ड्रायव्हरला चल म्हणून खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळणी ऑफिसात आला तेव्हा कर्नल त्याच्या आधी येऊन बसले होते. चाळणीच्या टेबलावर एक अर्ज पडला होता, जनरेटरच्या पंपाचा. वर कर्नलांच्याच हाताचं ठळक 'नाही', आणि त्यावर त्यांनीच मारलेली आडवी रेघ.

"हा पुन्हा चाळ," ते मान वर न करता म्हणाले. "पंप रणगाड्यालाही बसतो, विसरू नकोस. जुना आणला तरच नवा. आणि ओरखडा मी काढणार."

"मंत्री विचारतील."

"विचारू देत. सांग, कर्नलांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही, म्हणून ते स्वतः जाणार आहेत. दर वेळी."

पलीकडे डोंगराच्या पोटात बॉम्ब होता तिथेच होता. संध्याकाळी टीव्हीवर त्याचंच चाललं असणार, आणि मेहुणा सोफ्यावर. चाळणीने ड्रॉवरमधून सुई काढली आणि समोरच्या टेबलावर ठेवली. कर्नलांनी ती उचलून उजेडात धरली, चष्मा पुसला आणि विचारलं, "कुठून सुरुवात करायची असते रे?"