दोघींत एक जोड

"दुपारपर्यंत एका तरी खऱ्या मासेवालीचा फोटो दाखव, नाहीतर त्या भिंतीवर मी बंदरातली जहाजं लावतो," बेल्मिरो सर म्हणाले. आमच्या संग्रहालयाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण महाहट्टी!

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, याचाच मला संताप. लिस्बनच्या रस्त्यांवर मासे विकणाऱ्या बायांची पोस्टकार्डं माझ्याकडे ढिगानं होती, पण सगळ्या स्टुडिओत उभ्या केलेल्या नट्या. कमरेवर हात, गालात हसू, डोक्यावर रिकामी पाटी. पाटीत मासे असते तर मानेच्या शिरा दिसल्या असत्या की! माझं आजोळ इथल्याच माद्रागोआ वस्तीतलं, गल्लीच्या गल्ली मासेवाल्यांची. त्यांच्या वाट्याला आलेली एकुलती एक भिंत जहाजांनी गिळायची?

मग मी बायका शोधणं सोडलं आणि मंत्र्यांच्या जुन्या फोटोंचे गठ्ठे बाहेर काढले. उद्घाटनं, मिरवणुका, वर्तमानपत्रांसाठी टिपलेल्या. मंत्री मधोमध, मी बघतेय कडेला. आणि एका फोटोत पोलिसाच्या शेजारी दोघी दिसल्या! पाट्या भरलेल्या, चुंबळी दबलेल्या, तोंडं वैतागलेली. भिंग खाली सरकवलं, तर एकीच्या फक्त डाव्या पायात सपात, दुसरीच्या फक्त उजव्या.

मी किंचाळलेच. "सर! अहो, धावा! सापडल्या!"

"गर्दीत निसटली असेल सपात," सर येत येत म्हणाले.

"दोघींची? आणि दोन्ही एकाच जोडातल्या? अहो, अनवाणी फिरायला बंदी होती ना, तेव्हा पोलीस दिसला की एक जोड दोघींत वाटून घालायच्या. दुसऱ्या पायाला जखम झालीय म्हणून सांगायचं. आजी हसत हसत सांगायची. नटी कशाला करील हे?"

सरांनी भिंग हिसकावलंच. "अगं, चिंधीसुद्धा गुंडाळलीय पायाला! काय बिलंदर बाया! गेली जहाजं उडत!" मग एकदम थांबले. "पण खाली लिहायचं काय? अनोळखी बाया?"

ते काही मला सोसेना. फोटो घेऊन मी तडक चढ चढले, आजीच्या शेजारच्या कुश्तोदिया मावशीकडे. ती दारात सार्डिन मासे भाजत होती. हात पुसून तिनं फोटो उन्हात धरला आणि मटकन पायरीवर बसली.

"आई गं," ती म्हणाली. "फेलिश्मिना. आमची आई. अगं, तिचा एक फोटो नव्हता घरात."

मी फोटोवर बोट सरकवलं. "आणि ही दुसरी?"

"एर्मेलिंदा! मेली, जन्मभर आईशी बोलली नाही. आमच्या दारावरून जाताना थुंकायची."

"मग एक जोड दोघींत?"

"भांडण घरचं गं. पोलीस बाहेरचा."

मी पेन काढलं. फोटोखाली नावं लिहायची होती.

"दोघींची लिही," मावशी डोळे पुसत म्हणाली. "पण आईचं आधी. सपाता आमच्या होत्या."