अंगणात आलेली लाल पाहुणी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक कल्पना करा. तुमची आई दर थोड्या दिवसांनी एक नवे मूल घरी आणते. ते तुमच्यापेक्षा उंच, चपळ आणि नव्याकोऱ्या कपड्यांतले. आई त्याला फिरायला नेते, पळवते, चढ चढायला लावते आणि परत आल्यावर तुमच्या देखत सगळ्यांना सांगते की याचा दम किती चांगला, याचा आवाज किती गोड. मग ते मूल निघून जाते आणि दुसरे येते. तुम्ही आपले कोपऱ्यात उभे. आता डोळे उघडा. माझे बहुतेक आयुष्य असेच गेले आहे. मी एक जुनी गाडी आहे आणि माझी मालकीण नव्या गाड्या पारखण्याचे काम करते.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याच्या जाड गुंडाळ्या उलगडत होत्या, यंत्रांचे हात ठिणग्या उडवत होते. तिथेच माझी दारे बसली, चाके बसली आणि अंगावर राखाडी रंग चढला. शेवटी एका कामगाराने माझे दार उघडून लावले, कान देऊन आवाज ऐकला आणि समाधानाने मान हलवली. ती मान मी अजून विसरलेले नाही. कौतुकाची भूक मला तेव्हापासूनची आहे.

माझ्या मालकिणीला घरात सगळे आत्या म्हणतात, अगदी तिचे वडीलसुद्धा. गाड्यांविषयीच्या एका मासिकात ती लिहिते. गाडी घ्यायचे ठरवलेली माणसे ते आधी वाचतात आणि मगच दुकानाची पायरी चढतात. म्हणून आत्या फार जपून लिहिते. तिची एक पद्धत आहे. नवी गाडी आली की ती आधी मला बाहेर काढते. शाळेजवळचा गतिरोधक, पाण्याच्या टाकीकडचा चढ, छापखान्यामागचा ठिगळांचा रस्ता आणि नदीकाठची सरळ सडक, असा ठरलेला फेरा माझ्यातून मारते. मग उतरून लगेच तोच फेरा नव्या गाडीतून. कोणी कारण विचारले की ती म्हणते, आधी आपल्या गाडीतून गेले की अंगाला माप लागते.

म्हणजे मी आत्याचे माप होते. हा मान लहान नव्हे. पण खरे सांगू? मला माप व्हायचे नव्हते. मला लाडकी व्हायचे होते.

तशी माझी एक खरी मैत्रीण होती. आत्याच्या भावाची मुलगी. एका जागी टिकत नाही म्हणून तिचे नाव भिंगरी पडले. तिचे आईवडील सकाळी कामाला जात. शाळा सुटली की तिचे राज्य अंगणात. अंगणाचा अर्धा भाग माझा आणि अर्धा तिच्या टेबल टेनिसच्या टेबलाचा. ते टेबल कधीही हलवायचे नाही, असे वचन तिने आत्याकडून घेतले होते. चेंडू माझ्या काचेवर आपटला की ती मला ‘सॉरी हं, बाई’ म्हणायची. आत्या नव्या गाडीचा फेरा मारायला निघाली की भिंगरी मागच्या सीटवर बसे. मागून काय दिसते, पाय कुठे अडतात, पोटात ढवळते का, हे सांगणे तिचे काम. आत्या तिला एकेक युक्तीही शिकवत असे.

एके दिवशी लाल पाहुणी आली.

नेहमीच्या पाहुण्यांसारखी तीही चार दिवसांपुरती टेबलाला खेटून, घरात जायची वाट अडवून उभी राहिली. मध्यम आकाराची, पण तोरा केवढा! दिवे इतके बारीक की जणू नुकतीच कोणाशी तरी भांडून आली आहे. चाके माझ्यापेक्षा मोठी, छप्पर मागे उतरत गेलेले, कमरेवर काळी किनार. चिखलात न जाताही चिखलात जाऊन आल्याचा आव. शेजारचे दोघे फाटकाशी येऊन बघून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिले ते फक्त माझ्या काचेत स्वतःचे केस नीट करण्यासाठी.

मी जळले. उगाच गोड बोलत नाही, मित्रांनो, अगदी चांगली जळले.

त्यातच आजोबा बाहेर आले. आत्याचे हे वडील आयुष्यभर शिंपी होते. त्यांचा खुबा अलीकडे दुखायला लागला होता. त्यांनी पाहुणीचे दार उघडले, सीटवरून बोट फिरवले आणि टाका सरळ असल्याची पावती दिली. मग ते सीटवर नुसते टेकले आणि आत सरकले. ना वाकणे, ना दाराला धरणे. माझ्यात बसताना ते खाली खाली जात आणि दर वेळी ‘आई गं’ म्हणत. मला वाटायचे, ते मला प्रेमाने हाक मारतात. त्या दिवशी कळले की ती हाक नव्हती.

आत्या हे सगळे बघत होती. जेवणाच्या टेबलाजवळची खिडकी अंगणात उघडते, त्यामुळे पुढचे बोलणे मी ऐकले. आजोबांसाठी उंच सीटची गाडी घ्यायलाच हवी, असे आत्या म्हणाली. ही लाल गाडी चालण्यात बरी निघाली तर हीच घेऊ. पण अंगणात एकाच गाडीची जागा, तेव्हा जुनी देऊन टाकावी लागेल. गाडी शिकवणारा एक ओळखीचा माणूस न्यायला तयार आहे.

गाडी शिकवणारा! म्हणजे रोज नवा शिकाऊ, रोज गिअरचा करकचाट. माझे इंजिन बंद होते, तरी मला धडधडल्यासारखे झाले. खिडकीत भिंगरीचा घास हातातच राहिला.

“आणि बरी नाही निघाली तर?” तिने विचारले.

“तर नाही घ्यायची. हीच वापरू, आजोबांसाठी जाड उशी ठेवू.”

“माझ्या खुब्याचा निकाल उशीवर आला म्हणायचा,” आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फेरा निघाला. आधी मी. गतिरोधकावरून मी डुलत गेले, ठिगळांच्या रस्त्यावर नावेसारखी हेलकावत गेले. आजोबांना डुलकी लागली. मग तिघे पाहुणीत बसून गेले आणि परत आले. उतरताना आत्याच्या कपाळावर आठी होती. ती आठी मला फार सुंदर दिसली.

तिने एकेक गुणदोष बोलून दाखवले. इंजिनात जोर भरपूर, पण वेगासाठी पाय दाबल्यावर क्षणभर विचार करते आणि मग एकदम झेपावते. वळणावर रस्ता घट्ट धरून ठेवते. ब्रेक उत्तम. मागची काच मात्र अरुंद, मुलांना बाहेर बघायला मान उंच करावी लागते. आतला वारा कमीजास्त करायला समोरच्या टचस्क्रीन पडद्यावर बोट लावावे लागते, तेवढा वेळ नजर रस्त्यावरून हटते. सामानाची जागा मोठी आहे, पण तिचा काठ उंच, जड पिशवी उचलून ठेवताना कंबर बोलते.

“आणि चालते फारच कडक,” आत्या शेवटी म्हणाली. “ठिगळांवर सगळी हाडं मोजली गेली. म्हाताऱ्या माणसाच्या घरात ही गाडी घेऊ नका, असंच लिहावं लागेल.”

भिंगरीने उडी मारली. मी उडी मारू शकत नाही, नाहीतर मीही मारली असती. पाहुणी बारीक डोळे करून उभी होती. मी मनात म्हटले, आता बस एकटीच तोऱ्यात.

आत्या लिहायला आत गेली. आनंदात भिंगरी अंगणभर गिरक्या घेत होती. फिरता फिरता ती पाहुणीच्या मागच्या कोपऱ्याशी थांबली आणि आत्याने शिकवलेली एक युक्ती तिला आठवली. गाडीच्या चाकाजवळ स्प्रिंग असते आणि त्या स्प्रिंगला उगाच उड्या मारू न देणारा एक दांडा असतो. त्याला शॉक अॅब्सॉर्बर म्हणतात. तो धड आहे का हे बघायचे तर कोपरा जोरात दाबून सोडायचा. गाडी वर येऊन जागच्या जागी थांबली की समजायचे, दांडा ठीक आहे.

भिंगरीने पाहुणीचा कोपरा सगळा भार टाकून दाबला. पाहुणी वर आली आणि थांबली.

मग सहज, गंमत म्हणून, ती माझ्याकडे वळली. माझा कोपरा आजवर कोणी दाबला नव्हता. ज्याने सगळ्यांना मोजायचे, त्याला कोण मोजणार? तिने दाबला आणि सोडला. मी वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली. पाळण्यासारखी किती तरी वेळ झुलत राहिले.

भिंगरीच्या गिरक्या थांबल्या. तिने दुसरा कोपरा दाबला. तसेच झाले.

मित्रांनो, पोर हुशार होती. तिला लगेच उमगले. लाल गाडी कडक नव्हती. मीच आतून ढिली झाले होते. माझा तो मऊ हेलकावा, ज्याचा मला गर्व होता, तो माझा आजार होता. आणि आत्या माझ्यातून उतरून लगेच दुसरीत बसत होती, म्हणून तिला प्रत्येक नवी गाडी कडक लागत होती.

भिंगरीने खिडकीकडे पाहिले. आत आत्या लिहीत होती. हे कळले तर मी जाणार, हे तिला ठाऊक होते. नाही कळले तर मी राहणार, पण आत्याच्या नावावर चुकीची गोष्ट छापली जाणार आणि आजोबा रोज ‘आई गं’ म्हणत वाकणार. ती आपल्या टेबलाखाली जाऊन गुडघ्यात डोके घालून बसली. मी मनातल्या मनात तिला विनवत होते. पोरी, विसरून जा. कोणी पाहिले नाही. तू आणि मी, दोघीच आहोत इथे.

मग ती उठली, माझ्या दारावर हात ठेवून म्हणाली, ‘सॉरी हं, बाई.’ आणि आत गेली.

आत्या बाहेर आली. भिंगरीने माझ्या मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. आत्याने माझा कोपरा दाबला. मी झुलले. तिने पुन्हा दाबला. मी लाजेने थांबू पाहत होते, पण थांबता येईना.

“किती दिवस अशी आहे गं ही?” आत्या पुटपुटली. “मी सगळ्यांना कडक म्हणत सुटले.”

आजोबा काठी टेकत आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि हसले.

“अगं, माझी टेप एकदा अशीच ओढून ओढून लांबली होती. मी आपला वहीतली जुनी मापं घेऊन तिच्याच भरवशावर कापड कापतोय. एका मोसमात गिऱ्हाइकांच्या सगळ्या विजारी जमिनीवर लोळायला लागल्या. मी म्हणतोय, माणसं बुटकी झाली की काय.”

आत्याला हसू आले, पण डोळे ओले होते. त्या संध्याकाळी तिने लिहिलेले सगळे खोडले. गॅरेजमध्ये मला चारही नवे दांडे बसवले गेले. मग पुन्हा तोच फेरा, आधी मी, मग लाल गाडी. या वेळी परतताना आत्याच्या कपाळावर आठी नव्हती. गाडी ताठ चालते, पण त्रास देत नाही, असे तिने लिहिले. अरुंद काच, उंच काठ आणि पडद्याची कटकट हे दोष मात्र तसेच ठेवले. घरात खुबा-गुडघा दुखणारे कोणी असेल तर जरूर बसून बघा, असेही लिहिले. आधीच्या काही गाड्यांना मी चुकीच्या मापाने कडक म्हटले, हेही तिने पुढच्या अंकात वाचकांना सांगून टाकले.

मित्रांनो, मी उपदेश करणारी नाही. पण एवढे ऐका. जी वस्तू रोज मुकाट्याने काम करते, तिच्याकडेच आपले सर्वांत कमी लक्ष जाते. माझे कोपरे वेळीच कोणी दाबले असते, तर ना आत्याची चूक झाली असती, ना ब्रेक लावताना माझे नाक दर वेळी जमिनीकडे झुकले असते. घरातल्या जुन्या गाडीची, जुन्या सायकलीची, जुन्या पंख्याचीही कधी तरी विचारपूस करा. ती कुरकुर करत नाहीत, म्हणून ती बरी आहेत असे समजू नका.

आता माझे काय झाले ते सांगते. लाल गाडी घ्यायचे ठरले. माप म्हणून मी हवी होते, हे आत्या तीनतीनदा बोलली. पण मला ठेवायचे कुठे? रस्त्यावर उभी करायला मनाई. भिंगरीला दिलेले वचन मोडायला आत्या तयार नव्हती. शेवटी गाडी शिकवणाऱ्या माणसाला निरोप गेला. तो उद्या येणार होता.

भिंगरी दारात उभी राहून हे ऐकत होती. अंगणात आली आणि तिने टेबलाची जाळी सोडली. तिची गुंडाळी करून खिशात कोंबली. मग आजोबांना हाक मारून टेबलाचे एक टोक धरायला सांगितले. आजोबा एका हाताने काठी आणि दुसऱ्याने टेबल सावरत म्हणाले, “खेळशील कुठे मग?”

“शाळेत आहे की एक,” ती म्हणाली.

टेबल घडी होऊन भिंतीला लागले. भिंगरीने खडू आणला, गुडघ्यांवर बसली आणि अंगणाच्या मधोमध लांब रेघ मारली. उठून लांबून बघितली. मग वाकून ती रेघ तळहाताने पुसली आणि लाल गाडीच्या बाजूला हातभर सरकवून नवी मारली, म्हणजे माझ्याकडे जागा थोडी जास्त राहिली.