विसावी फेरी

एकोणिसावी फेरी संपली आणि ती दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. वडिलांनी डाव्या हातातल्या खडूने फळीवर एक रेघ ओढली आणि खडू खिशात टाकला. आज आणखी रेघ लागणार नव्हती.

"एकच राहिली," ते म्हणाले.

"दिसतंय मला."

"पाणी घे."

समोरच्या औषधवाल्याने शटर वर केलं. तो स्वतः दोन-तीन शर्यती धावलेला होता, त्यामुळे अलीकडे तिच्याकडे डॉक्टरच्या नजरेने बघायचा.

"झाल्या का वीस, ताई?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्याने "होतील, होतील" असा हात केला आणि झाडू घेतला.

शर्यत नऊ दिवसांवर आली होती. दहा किलोमीटर म्हणजे दुकानाभोवतीच्या गल्ल्यांच्या वीस फेऱ्या. दोन महिने ती रोज सकाळी धावत होती. सुरुवातीला सहा फेऱ्यांतच जीव मेटाकुटीला यायचा. मग दहा झाल्या, पंधरा झाल्या, आणि गेले तीन आठवडे गाडी एकोणिसावर अडली होती. एकोणीस संपल्या की पायांत शिसं भरायचं, डोळ्यांपुढे गल्ली हलायची आणि ती बसायची. रोज त्याच पायरीवर.

हे सगळं सुरू झालं ते एका भांडणातून. वडील शिंपी. हयात दोन यंत्रं आणि एका कात्रीबरोबर गेलेली. सात महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला, हात मात्र तसाच राहिला. खरं तर तोही सुधारला असता. व्यायामासाठी रबरी चेंडू दिला होता, तो दिवसातून शंभर वेळा दाबायचा. वडील पाच वेळा दाबायचे आणि खिडकीत ठेवून द्यायचे. शिवण तिने सांभाळली होती, पण कापणं त्यांचं. गिऱ्हाइकांची कापडं कपाटात घडी करून पडली होती आणि गिऱ्हाइकं भिडेपोटी गप्प होती.

"शंभर म्हणजे शंभर," ती एकदा चिडून म्हणाली होती. "मध्येच सोडायचं नाही."

"हे कोण सांगतंय?" वडील म्हणाले. "एका बाहीचा स्वेटर कोणाचा आहे कपाटात?"

स्वेटर तिचाच होता. टायपिंगची एक परीक्षा देऊन दुसरी तिने सोडली होती. गाडी शिकायला गेली ती मागे घ्यायला शिकवायच्या दिवसापर्यंत. घरात हे सगळे विनोद होते आणि ती स्वतःही त्यांवर हसायची. त्या दिवशी मात्र हसली नाही. औषधवाल्याने गल्ल्यावर ठेवलेलं शर्यतीचं पत्रक तिने आणलं आणि वडिलांपुढे ठेवलं.

"हे पुरं केलं तर?"

वडिलांनी पत्रक दूर धरून वाचलं. "तर मी कात्री धरीन."

"आणि नाही झालं तर?"

"तर दुकान विकू," ते म्हणाले. थट्टेचा सूर होता, पण थट्टा नव्हती. तिला ते कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यांनाही.

अंतर मोजायला फोन पुरेसा होता. औषधवाल्याने तसं सांगितलंही. वडिलांना ते पटेना. "खिशातल्या फोनला रस्त्याचं माप काय कळणार?" त्यांनी तिच्याकडून चिंध्या जोडून दहा मीटर लांब पट्टी शिवून घेतली. मीटरची पट्टी ठेवून खडूने खुणा स्वतः केल्या, डाव्या हाताने, आणि तिने त्या खुणांवर लाल दोऱ्याची टीप मारली. मग ती पट्टी धरून दोघांनी गल्ल्या मोजल्या. एक टोक तिच्या हातात, एक त्यांच्या. पट्टीच्या पन्नास लांब्या मोजायला चार दिवस लागले, कारण दर पाच-सहा लांब्यांनंतर त्यांना कुणाच्या तरी ओट्यावर टेकावं लागे. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच कामाला बाहेर पडले होते. फोन तिने खणात ठेवून दिला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

उरलेल्या नऊ दिवसांतही विसावी फेरी झाली नाही.

शर्यतीच्या दिवशी गर्दीत तिला आपण एखाद्याच्या लग्नात भलत्याच कपड्यांत आलो आहोत असं वाटत होतं. औषधवाला पुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला. शिट्टी झाली. पहिले दोन किलोमीटर सगळे तिला मागे टाकून गेले, एक आजोबासुद्धा, आणि जाताना "सावकाश" असं म्हणून गेले. तिला राग आला नाही. ती गल्लीच्या वेगाने धावत राहिली. तिला दुसरा वेगच येत नव्हता.

पाच, सहा, सात. अंतराच्या पाट्या येत गेल्या. आठच्या पाटीला श्वास जड झाला, पण तो ओळखीचा जडपणा होता. नऊची पाटी दिसली तेव्हा तिला वाटलं, आयोजकांचं काहीतरी चुकलंय. ती वाट बघत होती त्या शिशाची. आता येईल, या वळणावर येईल, असं करत ती वळण घेत होती. शिसं येत होतं, गुडघ्यांपर्यंत आलंही, आणि तेवढ्यात पुढे कमान दिसली. तिच्याखालून ती गेली आणि तशीच धावत राहिली. शेवटी एका स्वयंसेविकेने तिला दंडाला धरून थांबवलं.

"झालं, काकू. झालं."

औषधवाला केव्हाच पोहोचला होता. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "हे दहाच आहेत ना? की कमी?"

त्याने मनगट पुढे केलं. घड्याळात दहा किलोमीटर आणि वर थोडे मीटर होते. "कमी कसे असतील? अधिकृत मोजलेलं आहे सगळं."

घरी परतताना गळ्यात पदक होतं आणि डोक्यात हिशेब. शर्यत कमी नव्हती, तर मग गल्ली जास्त होती. वडील दुकानामागच्या घरात आंघोळीला गेले होते. तिने कपाटाखालून पट्टी काढली आणि कापायच्या टेबलावर पसरली. टेबलाच्या कडेला पितळी मीटर ठोकलेला होता. पहिली लाल खूण मीटरच्या पुढे गेली, चार बोटं पुढे. दुसरीही चार बोटं. प्रत्येक मीटरला चार बोटं, दहा मीटरला दीड हाताच्या वर, आणि एका फेरीला कितीतरी पावलं. म्हणजे एकोणीस फेऱ्या दहा किलोमीटरच्या पुढेच जात होत्या. महिनाभर ती रोज शर्यत पुरी करून पायरीवर बसत होती आणि हरल्यासारखी पाणी पीत होती.

आधी तिला हसू आलं, मग भीती वाटली. उभ्या आयुष्यात वडिलांचं माप बोटभर चुकलं नव्हतं. आता ते चुकलं म्हणावं, तर हाताबरोबर मापही गेलं असंच ते धरून चालतील, आणि आज कात्री धरायच्या ऐवजी कायमची ठेवून देतील. तिने पट्टी भराभर गुंडाळायला घेतली.

"काय मोजतेस?" वडील दारात उभे होते, टॉवेल खांद्यावर.

"काही नाही."

"खूण धरून मोजतेस आणि काही नाही?"

ती खाली बघत म्हणाली, "बाबा, मीटर जरा मोठा झालाय. थोडासाच. होतं असं."

"मोठा झालाय?" ते टेबलाजवळ आले. "मोठा केलाय. माया सोडायला नको? मापाला माप कोण कापतं?"

"रस्त्याला माया?"

"मग? कापड धुतल्यावर आटतं. माणूसही आयत्या वेळी आटतं. म्हणून चार बोटं जास्तीची ठेवली." तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "तुला माहीत नव्हतं? खुणांवर टीप तूच मारलीस ना?"

"लक्षच गेलं नाही."

"शिंप्याची पोर," ते पुटपुटले.

ती खुर्चीत बसली. "महिनाभर मला वाटत होतं, माझ्याने होत नाही."

वडिलांनी खांद्यावरचा टॉवेल खुंटीला अडकवला. "मग रोज उठून जात होतीस कशाला?"

आपल्याने होत नाही हे माहीत असून ती रोज बूट घालत होती, आणि रोज कुणीतरी डाव्या हाताने तिच्या नावाच्या एकोणीस रेघा ओढत होतं. तिला भरून आलं. कुणी आपल्यासाठी इतकं मोजलं, एवढ्याने आपण सुखी आहोत, असं तिला अगदी सरळ वाटलं. तिने गळ्यातलं पदक काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, फितीची शिवण बोटाने चाचपली आणि "कच्ची टीप आहे" म्हणून टेबलावर ठेवलं.

मग ते बाकावर बसले. "कात्री दे."

तिने कात्री दिली आणि चिंध्यांची पिशवी ओढली.

"चिंधी नको. कपाटातलं काढ. त्या मास्तरांच्या कोटाचं."

सगळ्यांत महागाचं कापड होतं ते, आणि मास्तरांनी दुसरीकडून मिळणार नाही असं सांगून दिलेलं. तिने उठून कपाट उघडलं. कापड काढलं, पसरलं, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. वडिलांनी डाव्या हाताने खडूची रेघ आखली. उजव्या हाताची बोटं एकेक करून, दुसऱ्या हाताने धरून, त्यांनी कात्रीच्या मुठीत बसवली. अंगठा बसायला बराच वेळ लागला.

तिने कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं आणि तोंड खिडकीकडे केलं. बाहेर औषधवाला पदक घालूनच गिऱ्हाईक करत होता.

कात्री चालू झाली. चार-पाच वेळा कापड चिरल्याचा आवाज आला आणि थांबला. वडिलांचा श्वास ऐकू येत होता. तिने मान वळवली नाही, टोक सोडलं नाही. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला.