धुरपताबाईचा आरसा लेणं पाहायला गेला

माझ्यासमोर तोंड वाकडं करू नका, मित्रांनो. मी पत्र्याच्या चौकटीतला, वीतभर उंचीचा जुना आरसा आहे आणि मला खोटं बोलता येत नाही. माझी काच कुठे घडली, तिला पारा कोणी लावला, ते काही आठवत नाही. मला आठवतो तो उदगीरचा बाजार. तिथून ग्यानोबाने मला नव्या नवरीसाठी, धुरपताबाईसाठी, घरी आणलं. मातीच्या भिंतीवर खिळ्याला मी लटकलो. रोज सकाळी ती वेणी घाली, गळ्यातली चांदीची सरी नीट करी आणि माझ्यात पाहून स्वतःशीच हसे. तेव्हाचा माझा थाट काय विचारता! सणासुदीला वस्तीतल्या बायका मला मागून न्यायच्या.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ग्यानोबा त्याआधीच वारला होता. लेक जगवायची म्हणून धुरपताबाईने सरी मोडली आणि सरकारी कामावर खडी फोडायला बसली. मलाही ती पदरात बांधून नेई, कारण खडी फोडताना डोळ्यात दगडाची कच उडे. बाया मला समोर धरत आणि पदराच्या टोकाने कच काढत. कितीतरी डोळे मी वाचवले असतील. पण एके दुपारी धुरपताबाईच्याच उजव्या डोळ्यात कच खोल घुसली. मी समोर होतो, सगळं दिसत होतं, आणि मला काहीच करता आलं नाही. तो डोळा गेला. तिने मला कणगीमागे ठेवून दिलं. दहा वर्षं मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. आरशाला याहून मोठी शिक्षा नाही.

पुढे लातूर जिल्हा झाला. धुरपताबाईची लेक पंचशीला शिकली होती, तिला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत नोकरी लागली. त्याच साली आईच्या उरलेल्या डोळ्यात काचबिंदू निघाला. हाही डोळा फार दिवसांचा नाही, असं डॉक्टरांनी पंचशीलाला सांगितलं. चार दिवसांत तिचं कार्ड आलं. शेजारच्या शेषेरावांनी ते मोठ्यांदा वाचलं : ‘माय, रविवारी येते. तुला लेणं दाखवायचं आहे. तयार राहा.’

धुरपताबाई हरखून गेली. लेकीने आपल्याला दागिना करायचं मनावर घेतलं, असंच तिला वाटलं. लेणं म्हणजे दुसरं काय असतं? तिने मला कणगीमागून काढलं आणि राखेने घासलं.

“सोनाराच्या आरशात समदंच गोड दिसतं,” ती मला म्हणाली. “आपला आरसा बरा.”

लातूरला उतरून पंचशीलाने तिला दुसऱ्या एसटीत बसवलं, तेव्हा ती चुळबुळली.

“सोनार कोण्या गावचा हाय गं?”

“कोणता सोनार?”

“लेणं दावते म्हणलीस की. म्हून तर आरसा आणलाय.”

पंचशीला खदखदून हसली. “अगं माय, अजिंठ्याचं लेणं! डोंगरातलं, बुद्धाचं!” मग तिची नजर आईच्या मोकळ्या गळ्यावर गेली आणि तिचं हसू विरलं.

“बरं झालं,” धुरपताबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाली. “सोनं काय, चोर बी नेतोय.” पण ती ओशाळली होती. मला तिने पिशवीत तळाशी सारलं.

लेण्यात पाऊल टाकलं तर आत गुडुप काळोख. लोक माना वर करून ‘वा, वा’ म्हणत होते. धुरपताबाई डोळा ताणताणून पाहत होती.

“मला कायबी दिसंना, पोरी. तू बघ. मी भाईर बसते.”

पंचशीलाला रडू कोसळायचं बाकी होतं. दाराशी भीमाशंकर नावाचा पहारेकरी चकचकीत पत्रा उन्हात धरून आत उजेड सोडत होता. पण तो उजेड पार छताकडे. तिने पिशवीत हात घालून मला बाहेर काढलं.

“भाऊ, जरा ह्या आरशावर ऊन सोडता का? मायला एकच डोळा हाय, तोही चाललाय.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग धुरपताबाईकडे. “भिंतीला हात लावायचा नाही. थोडाच वेळ,” म्हणाला आणि पत्रा वळवला.

मित्रांनो, जन्मभर मी लोकांचे चेहरे परत केले होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा उजेड दिला. कवडसा भिंतीवरून सरकला. मुकुट दिसला, मोत्यांची माळ दिसली, हातातलं निळं कमळ दिसलं, आणि मग खाली झुकलेले दोन डोळे.

“हे पद्मपाणी बोधिसत्त्व, आजी,” भीमाशंकर म्हणाला.

धुरपताबाई दोन पावलं पुढे सरकली. मग हात जोडून म्हणाली, “एवढं लेणं अंगावर, पन त्याचं ध्यानच न्हाई त्याच्यात. खाली बसलेल्याकडं बघून राहिला.”

पुढचा उन्हाळा संपायच्या आत तिचा तोही डोळा मिटला. आता मी वस्तीतल्या बुद्धविहारात असतो, तीही तिथे येऊन बसते. पोरं तिला विचारतात, “आजी, कसं होतं लेणं?” ती बसल्या जागी सांगते. कमळाचा रंग आजवर एकदाही चुकलेला नाही.

मित्रांनो, जुन्या भिंतींवर नावं कोरू नका, आणि आम्हा जुन्या आरशांना अधूनमधून पुसत जा. पण कुणाला काही दाखवायचं राहिलं असेल, तर ते आधी दाखवा. पंचशीलाने एक उन्हाळा उशीर केला असता, तर मी पाडलेला सगळा उजेड त्या भिंतीवरच राहिला असता.