ट्रम्पेटपायी गेलेली मिशी

रस्त्याच्या टोकाला दुकान असलेल्या न्हाव्याला सगळे मिशीवाला म्हणत. दाट, काळीभोर, टोकांना वर वळलेली मिशी त्यानं बावीस वर्षं पोटच्या पोरासारखी जपली होती. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक आरशात स्वतःला सोडून त्याच्याकडेच बघायचं आणि म्हणायचं, "अश्शी करून द्या." निम्मा धंदा त्या मिशीवर चालला होता.

आणि गेल्या महिन्यात नगरबँडच्या मास्तरांनी नेमकं त्या मिशीवरच बोट ठेवलं.

"ट्रम्पेट बरं वाजवता, पण मिशीतून वारा गळतो. वरचे सूर फाटतात. जागा एकच आहे. मिशी काढा आणि परत या."

न्हावी पंचेचाळीस वर्षांचा. जेवणाच्या सुट्टीत शटर खाली ओढून, अर्धपोटी राहून, सात वर्षं तो वाजवायला शिकला होता. शेजारच्या दुकानात वह्या-पेनं विकणारा वहीवाला रोज टोमणा मारायचा, "या वयात काय हे खूळ?" दुसऱ्याचं वय काढणाऱ्यांची स्वतःची स्वप्नं काय असतात? जेवलेलं पचावं आणि घरी पाहुणा येऊ नये. बस्स.

ती दुसरी चाचणी आज चारला होती. बारा वाजता न्हावी आरशासमोर उभा राहिला. एकदम वस्तरा लावायचा धीर होईना, म्हणून त्यानं कैची घेतली. आधी थोडी कमी करू. डावी बाजू जरा जास्त कापली गेली. मग उजवी तिच्या मापाची केली. तर आता डावी मोठी दिसायला लागली. न्हाव्याचा हात तो! वाकडं सोडणं त्याला जमेचना. तासाभरानं दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या होत्या, फक्त नाकाखाली काडेपेटीतल्या काडीएवढी मिशी उरली होती.

तेवढ्यात डबा घेऊन बायको शटरखालून वाकून आत आली.

"अहो, हे काय चाललंय?"

"सारखी करतोय."

"काय सारखी करताय? उरलंय काय त्यात?" ती हसत हसत भिंतीला टेकली. मग पदर खोचून म्हणाली, "बसा खुर्चीत."

"तुला वस्तरा धरता येतो?"

"बावीस वर्षं बघतेय. बसा म्हणते ना! आणि हलू नका."

दोन हात फिरले आणि काम झालं. त्यानं डोळे उघडले, तर आरशात त्याची थोरली आत्या बसलेली.

"चला आत्याबाई," बायको म्हणाली, "जेवा पटकन, उशीर होईल."

हॉलमध्ये मास्तर कागद घेऊन बसले होते. बायको दारातच थांबली. न्हाव्यानं ट्रम्पेट ओठाला लावलं. बावीस वर्षं झाकलेल्या त्या कोवळ्या कातडीला गार पितळ टेकलं आणि त्याला अशा गुदगुल्या झाल्या, की तो ट्रम्पेटमध्येच फिस्सकन हसला. वाद्यातून पडसं झालेल्या रेड्यासारखा आवाज आला.

"थट्टा करायला आलात?" मास्तर खेकसले.

"नाही हो, गुदगुल्या होतायत."

दुसऱ्यांदाही तेच झालं. मास्तरांनी त्याच्या नावावर रेघ मारायला पेन उचललं. मिशी गेली, आता जागाही जाणार! गडबडीत न्हाव्यानं कामाच्या सदऱ्याचा खिसा चाचपला आणि तुरटीचा खडा बाहेर काढला. तोंडातच ओला करून ओठावर खसाखसा घासला. डोळ्यांत पाणी आलं. कातडी आवळली, ओठ बधिर झाला.

"हे काय नवीन?" मास्तरांचं पेन हवेतच राहिलं.

"रोज वीस जणांना लावतो. आज मला."

त्यानं श्वास भरला. सूर खालून निघाला, वर चढला, आणि जिथे दरवेळी फाटायचा तिथून सरळ पुढे गेला. खिडकीची काच थरथरली. पुढच्या खोलीतले दोघे वाजवणारे दारात येऊन उभे राहिले. मास्तरांनी पेन खाली ठेवलं.

"तालीम दर रविवारी सकाळी आठला. चुकवायची नाही."

रविवारची सकाळ! आठवड्याची निम्मी दाढी-कटिंग त्याच वेळी व्हायची. न्हाव्यानं दाराकडे पाहिलं. बायकोनं नुसती भुवई उडवली.

"येतो," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "आणि गिऱ्हाइकं बोंबलली म्हणजे?"

"बोंबलू देत. एका सकाळीत कुणाचे केस गुडघ्यापर्यंत येत नाहीत."

"वहीवाला 'न्हावी खुळावला' अशी पाटी लावेल तुमच्या शटरवर."

"लावू दे. त्यावर तालमीची वेळही लिही म्हणावं." एवढं बोलून त्यानं भर रस्त्यात ट्रम्पेट ओठाला लावलं आणि दुकानापर्यंत वाजवत गेला.