तिसरी दुर्बीण

तीन देशांतल्या दुर्बिणी एकच तारा पाहतात आणि त्यांचे संकेत आमच्या खोलीत त्याच क्षणी जुळतात, हे पाहुण्यांना दाखवायचं होतं. ऐनवेळी तिसरीची लाइन तुटली.

“कालचं रेकॉर्डिंग लाव,” साहेब म्हणाले. “कुणाच्या बापाला कळतंय?”

माझं रडणारं तान्हं पिल्लू सासूबाईंच्या हाती देऊन आले, ते यासाठी?

“ताजं म्हणून शिळं वाढायचं, साहेब?”

“नोकरी नकोय वाटतं बाईंना!”

पाहुणे आले. मी दोनच दुर्बिणी जोडल्या. “तिसरी बंद आहे,” म्हटलं. पडद्यावरचा आलेख रोडका, पण आत्ताचा होता.

नंतर साहेबांनी माझं ओळखपत्र हिसकावलं. त्यांची घामट बोटं हाताला लागली. घरी लेकीला उचलण्याआधी मी हात खसखसून धुतले.